विश्लेषण : तुमच्या पगारातील व्यवसाय कर आणि वि. स. पागे यांचा संबंध काय?

पगारपत्रकावर दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये व्यवसाय कर कापलेला दिसतो. राज्यात 1975 साली हा कर आला तो रोजगार हमी योजनेला पैसा हवा होता म्हणून. विठ्ठल सखाराम पागे या योजनेचे जनक. लातूर जिल्ह्यातील जळकोटच्या डोंगराळ भागातला मजूर ग्रामपंचायतीकडे हक्काने काम मागू शकतो, त्यामागे त्यांचीच कल्पना आहे.

पागे कोण होते?
1910 साली जन्मलेले पागे सांगली जिल्ह्यातले. पेशाने वकील, स्वातंत्र्यलढ्यातले कार्यकर्ते, संतवाङ्मयाचे अभ्यासक. 1960 ते 1978 ते विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीच्या हाती ना खाते असते, ना तिजोरी. तरीही राज्याच्या तिजोरीला नवे वळण लावले ते त्यांनीच.

कल्पना नेमकी काय?
दुष्काळ पडला की सरकार कामे काढी, पाऊस पडला की बंद करी. पागेंनी हे उलटे केले. मजुराने काम मागायचे, सरकारने ते द्यायचेच. आणि त्या मजुरीतून गावात बंधारे, पाझर तलाव, रस्ते उभे राहायचे. 1965 साली तासगाव तालुक्यातील विसापूरला प्रयोग झाला. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना 1972 मध्ये राज्याने योजना स्वीकारली. त्याच वर्षी मोठा दुष्काळ आला. 1973 च्या उन्हाळ्यात सुमारे 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. मराठवाड्यातल्या वृद्धांना ती खडी अजून आठवते.

पैसा कुठून आला?
नोकरदारांबरोबर बागायती जमिनीवर आणि मोटारींवरही कर बसला. जमेल तेवढीच रक्कम राज्याने आपली घालायची, असे ठरले. शहराने खेड्याच्या मजुरीचा भार उचलावा, हे मान्य करवून घेणे सोपे नव्हते. 1977 चा कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला.

उणीव कोणती?
योजना अकुशल कामाचीच राहिली. वर्षानुवर्षे माती उपसूनही मजुराच्या हाती नवे कसब आले नाही. म्हणून जळकोटच्या तांड्यांवरचे लोक आजही ऊसतोडीला जातात. 1990 मध्ये फळबाग लागवड योजनेला जोडली गेली, तेव्हा मजुरीतून कायमचे उत्पन्न मिळण्याची वाट थोडी खुली झाली. पागेंचे निधन त्याच वर्षी मार्चमध्ये झाले. केंद्राने देशभरासाठी कायदा केला तो 2005 साली.

काम मागताना अर्ज लेखी द्यावा आणि तारखेची पोच घ्यावी. 15 दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्त्याचा हक्क त्या पोचेवरूनच सिद्ध होतो.