दगडात कोरलेली आद्याक्षरे

इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात एका टेकडीच्या माथ्यावर हार्डविक हॉल हा दगडी वाडा उभा आहे. त्याच्या सहा मनोऱ्यांच्या कठड्यांवर मुकुटाखाली दोन इंग्रजी अक्षरे कोरलेली दिसतात - ई आणि एस. एलिझाबेथ श्रूजबरी, अर्थात इतिहासाला ठाऊक असलेली बेस ऑफ हार्डविक, हिची ही आद्याक्षरे.

याच परिसरात १५२७च्या सुमारास एका बेताच्या जमीनदाराच्या घरी तिचा जन्म झाला. वडील लवकर वारले आणि घराला ओढगस्त लागली. पुढे तिचे चार विवाह झाले. दुसरे पती सर विल्यम कॅव्हेंडिश यांच्यासमवेत १५४९मध्ये तिने चॅट्सवर्थची जहागीर घेतली. चौथे पती, श्रूजबरीचे अर्ल, यांच्यावर १५६९पासून स्कॉटलंडच्या पदच्युत राणी मेरीला नजरकैदेत ठेवण्याची जबाबदारी आली. पंधरा वर्षांच्या त्या ओझ्याखाली संसार विसकटत गेला आणि बेस हार्डविकला परतली.

१५९०मध्ये अर्ल निवर्तले. त्याच वर्षी, वयाची साठी उलटल्यावर, बेसने नव्या वाड्याचे काम हाती घेतले. आराखडा रॉबर्ट स्मिथसन याचा मानला जातो. दगड तिच्याच जमिनीतील खाणीचा होता. काच अतिशय महाग असण्याच्या त्या काळात तिने प्रचंड खिडक्या बसविल्या. त्या मजल्यागणिक उंच होत जातात. तळाशी नोकरचाकरांचा राबता, मधल्या मजल्यावर बेसचे वास्तव्य आणि सर्वांत वर राजेशाही स्वागताची दालने, अशी ही रचना. बाहेरून समतोल दिसावा म्हणून काही खिडक्या केवळ देखाव्याच्या आहेत. त्यांच्यामागे धुराडी दडली आहेत.

या थाटामागे एक आकांक्षा होती. बेसची नात आर्बेला स्टुअर्ट हिच्या अंगात राजवंशाचे रक्त होते आणि राणी एलिझाबेथ निपुत्रिक होती. परंतु १५९७मध्ये बेस राहायला आली तरी राणीचे पाऊल या वाड्याला कधीच लागले नाही. आजीच्या करड्या देखरेखीला कंटाळलेल्या आर्बेलाने परस्पर विवाह ठरविण्याचा घाट घातला. तो उघडकीस आल्यावर १६०३मध्ये बेसने तिचे नाव मृत्युपत्रातून वगळले. त्याच वर्षी राणी वारली आणि सिंहासन जेम्सकडे गेले.

१३ फेब्रुवारी १६०८ रोजी बेसचे निधन झाले. तिच्या वंशजांनी पुढे चॅट्सवर्थलाच मुख्य निवासस्थान केले. त्यामुळे हार्डविकवर नव्या फॅशनचा हात फारसा फिरला नाही. १९५९मध्ये ही वास्तू नॅशनल ट्रस्टकडे आली. बेसच्या घराण्यात इंग्लंडचा राजमुकुट आला नाही. तिने स्वतःच्या नावावर चढविलेला दगडी मुकुट मात्र चारशे वर्षांनंतरही ढळलेला नाही.