मोजमापाचे व्रत : वास्तुविशारद ख्रिस्तोफर रेन

जुन्या वास्तूचा जीर्णोद्धार करावयाचे ठरले की सर्वांच्या मनात प्रथम येते ते नव्या रूपाचे चित्र. शिखर किती उंच असावे, दगड कोठून आणावा, निधी कसा उभारावा, या गोष्टींची चर्चा उत्साहाने होते. परंतु त्याही आधीचा एक प्रश्न असतो आणि तो बहुधा विचारलाच जात नाही. ही वास्तू आज नेमकी कोणत्या अवस्थेत उभी आहे? भिंत कलली असेल तर किती इंच? खांब आतून भरीव आहे की पोकळ? पायाखाली मुरूम आहे, माती आहे की जुना भराव? या प्रश्नांची उत्तरे कागदावर उतरल्याशिवाय ठेकेदाराने दिलेला खर्चाचा अंदाज हा केवळ तर्क असतो. व्यापारी ज्याप्रमाणे आरंभीची शिल्लक मांडल्याशिवाय नव्या वर्षाची वही सुरू करीत नाही, त्याप्रमाणे बांधणाऱ्यानेही विद्यमान स्थितीची नोंद केल्याशिवाय पहिला घाव घालू नये. साडेतीनशे वर्षांपूर्वी हा नियम ज्यांनी जन्मभर पाळला, ते इंग्लंडचे विख्यात वास्तुविशारद सर ख्रिस्तोफर रेन होत.

गणिती ते वास्तुविशारद

रेन यांचा जन्म २० ऑक्टोबर १६३२ रोजी इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातील ईस्ट नॉयल या खेड्यात झाला. त्यांचे वडील धर्मगुरू होते. रेन यांनी वास्तुशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. ऑक्सफर्ड येथे शिकून ते १६५७ मध्ये लंडनच्या ग्रेशॅम महाविद्यालयात आणि १६६१ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठात खगोलशास्त्राचे प्राध्यापक झाले. १६६० मध्ये ग्रेशॅम येथे त्यांच्या व्याख्यानानंतर जमलेल्या विद्वानांच्या बैठकीतूनच रॉयल सोसायटी ही जगप्रसिद्ध विज्ञानसंस्था उदयास आली. पुढे ते तिचे अध्यक्षही झाले. आकाशातील ग्रहांची स्थिती मोजण्याची जी सवय त्यांना लागली होती, तीच त्यांनी दगडमातीच्या कामात आणली. आधी निरीक्षण, मग मोजमाप, मग नोंद आणि शेवटी निष्कर्ष, हा क्रम त्यांनी सहसा मोडला नाही.

जुन्या सेंट पॉलची तपासणी

लंडनमधील जुने सेंट पॉल हे मध्ययुगीन महामंदिर त्या काळी अत्यंत जीर्ण झाले होते. १५६१ मध्ये वीज पडून त्याचे उंच शिखर जळाले, ते पुन्हा उभारले गेले नाही. यादवी युद्धाच्या काळात तेथे घोडदळाचे तबेले झाले आणि आधाराची लाकडे काढून घेतल्यामुळे छताचा काही भाग कोसळला. दुरुस्तीसाठी नेमलेल्या मंडळाने रेन यांचा सल्ला मागितला आणि मे १६६६ मध्ये त्यांनी आपला अहवाल सादर केला.

त्या अहवालात रेन यांनी इमारतीचा रोगच उघड करून दाखविला. छताचा भार भिंतींना झेपण्यापलीकडचा होता. त्यामुळे खांब आपल्या मूळ जागेपासून किमान सहा इंच बाहेर झुकले होते. बाहेरून भक्कम दिसणारे हे खांब केवळ वरून लहान दगडांनी मढविलेले होते, आत मात्र खडीचा आणि चुन्याचा ठिसूळ भराव होता. वरवरची डागडुजी म्हणजे पैशाचा अपव्यय, हा त्याचा सरळ अर्थ होता.

हे मत सर्वांना रुचले नाही. २७ ऑगस्ट १६६६ रोजी रेन, रॉजर प्रॅट, जॉन एव्हलिन आदी जाणकार मंडळी प्रत्यक्ष जागेवर जमली. भिंती बाहेर झुकलेल्या आहेत हे उघड दिसत होते, परंतु मूळ कारागिरांनी दृष्टीला शोभा यावी म्हणून त्या मुद्दामच तशा बांधल्या असाव्यात, असे काहींनी प्रतिपादन केले. वादाचा निकाल मोठ्या आवाजाने लागणार नव्हता. ठिकठिकाणी ओळंबा सोडून भिंती तपासण्यात आल्या. रेन आणि एव्हलिन यांनी हा कल भारामुळेच आला आहे, हे आपले मत कायम ठेवले. खर्चाचा तपशील तयार करण्याचे ठरून मंडळी पांगली.

त्यानंतर अवघ्या सहा दिवसांनी, २ सप्टेंबर १६६६ रोजी लंडनमध्ये महाभयंकर आग लागली. तिने सुमारे १३,२०० घरे आणि ८७ चर्च गिळंकृत केली. सेंट पॉलभोवती दुरुस्तीसाठी बांधलेल्या लाकडी परांचीने ज्वाळांना वाट करून दिली, छपराचे शिसे वितळून रस्त्यांवरून वाहिले.

आगीनंतर उभ्या राहिलेल्या भिंतींना ठिगळ लावून पश्चिमेकडचा भाग उपयोगात आणण्याचा प्रयत्न झाला. १६६८ च्या वसंतात हे डागडुजीचे काम कोसळले. तेव्हा धर्मगुरू सॅनक्रॉफ्ट यांनी ऑक्सफर्ड येथे असलेल्या रेन यांना पत्र धाडून तातडीने बोलावून घेतले. दोन वर्षांपूर्वीच्या अहवालाचे मोल सर्वांना त्या दिवशी कळले.

साल्सबरीचा कललेला मनोरा

त्याच वर्षी बिशप सेथ वॉर्ड यांच्या विनंतीवरून रेन साल्सबरी येथे गेले. तेथील महामंदिराचे शिखर ४०४ फूट उंच असून मूळ इमारतीवर हा प्रचंड भार नंतर चढविण्यात आला होता. भूमी दलदलीची, पाया उथळ आणि चौकातील खांब भाराने वाकलेले. रेन यांनी ओळंब्याच्या साहाय्याने शिखराचा कल मोजला. तो सुमारे अडीच फूट भरला.

एवढा आकडा ऐकून कोणीही घाबरून शिखर उतरविण्याचा सल्ला दिला असता. रेन यांनी तसे केले नाही. कल किती आहे, भार कोठे पडतो आणि कोणता भाग अद्याप सुदृढ आहे, हे पाहून त्यांनी लोखंडी पट्ट्यांनी मनोरा आवळून घेण्याचे सुचविले. हे काम साध्या लोहाराचे नव्हे, म्हणून जहाजांचे नांगर घडविणाऱ्या बंदरातील कारागिरांकडून ते करून घ्यावे, इतका बारीक विचारही त्यांनी मांडला. त्यांच्या नोंदीमुळे पुढील पिढ्यांना तुलनेसाठी एक निश्चित आधार मिळाला. ते शिखर आजही उभे आहे.

भूमीच्या पोटातील सत्य

नव्या सेंट पॉलचा पहिला दगड २१ जून १६७५ रोजी बसविण्यात आला. जुन्या भिंती पाडण्यासाठी रेन यांनी हिशेबाने केवळ १८ पौंड बारूद वापरून मनोऱ्याचा एक कोपरा पाडला. त्यांच्या गैरहजेरीत हाताखालच्या माणसाने मात्र अधिक बारूद घातली आणि खड्डा पुरेसा खोल खणला नाही. एक दगड उडून शेजारच्या घरात शिरला. सुदैवाने कोणासही इजा झाली नाही, पण शेजारी भयभीत झाले आणि बारुदीचा उपयोग थांबवावा लागला. पुढे लाकडी ओंडक्याला लोखंड बसवून, माणसांकरवी धडका देऊन भिंती पाडण्यात आल्या.

पाया खणताना रेन यांनी थरामागून थर तपासले. वर निरनिराळ्या काळातील थडगी, त्याखाली उत्तरेस सुमारे सहा फूट आणि दक्षिणेस त्याहून पातळ असा कुंभारी मातीचा कठीण थर, त्याखाली सैल वाळू, मग शिंपल्यांची वाळू आणि तळाशी लंडनची घट्ट चिकणमाती. जुनी इमारत शतकानुशतके ज्या कुंभारी मातीवर टिकली, तीवरच नवी टिकेल, असा त्यांनी निर्णय घेतला.

परंतु ईशान्य कोपऱ्यात, पाया पुरा व्हावयास सहा-सात फूटच उरले असताना, तो थर एकाएकी नाहीसा झाला. प्राचीन काळी कुंभारांनी तेथील माती खणून नेली होती आणि खड्डा फुटक्या भांड्यांनी भरला होता. एखाद्या घाईच्या ठेकेदाराने त्यावर दगड रचून मोकळा झाला असता, आणि ते कोणाच्या लक्षातही आले नसते. रेन यांनी तेथे १८ फूट चौरस विहीर खणविली. सुमारे चाळीस फूट खोल गेल्यावर शिंपल्यांच्या वाळूचा घट्ट थर लागला. त्याच्यावर १० फूट चौरस खांब उभारून वर आखूड कमान वळविली आणि ती मुख्य पायाशी जोडली. जमिनीखाली कायमचे झाकले जाणारे हे काम त्यांनी दर्शनी भागाइतक्याच निष्ठेने केले.

उपेक्षा आणि निष्ठा

काम लांबत गेले तसा अधीरपणा वाढला. रेन यांचे वार्षिक वेतन २०० पौंड होते. १६९७ मध्ये त्यातील अर्धे, काम पूर्ण होईपर्यंत रोखून ठेवण्यात आले. ते १७११ मध्ये वास्तू पूर्ण झाल्याचे जाहीर झाल्यावर मिळाले. १७१८ मध्ये, वयाच्या ८५ व्या वर्षी, राजाच्या बांधकाम खात्याच्या प्रमुखपदावरून त्यांना दूर करण्यात आले. या पदावर ते १६६९ पासून होते.

तरीही मोजमापाचे व्रत सुटले नाही. १७१३ मध्ये, ऐंशी वर्षांचे वय असताना, त्यांनी वेस्टमिन्स्टर ॲबीच्या अवस्थेचा सविस्तर अहवाल लिहिला. तेथील दगड पाणी शोषून घेतो, थंडीत फुगतो आणि चार-चार इंच खोलीपर्यंत पापुद्रे सुटून पडतात, याची त्यांनी नोंद केली. आजवर काय दुरुस्त झाले, काय राहिले आणि त्यास किती खर्च येईल, हेही मांडले. २५ फेब्रुवारी १७२३ रोजी वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. सेंट पॉलच्या तळघरात साध्या शिळेखाली ते विसावले.

काळाने घेतलेली परीक्षा

रेन यांची थोरवी सांगताना एक गोष्ट लपविता येत नाही. १६६६ मध्ये जुन्या सेंट पॉलच्या खांबांत त्यांनी जो दोष दाखविला, तोच त्यांच्या स्वतःच्या वास्तूतही राहून गेला. घुमट तोलणाऱ्या आठ महाखांबांचा बाह्य भाग घडीव दगडाचा, पण गाभा खडीच्या भरावाचा होता. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे तडे वाढले. १९२५ पासून १९३० पर्यंत महामंदिराचा मोठा भाग बंद ठेवून खांबांत सिमेंट भरावे लागले व घुमटास पोलादी साखळीचा वेढा द्यावा लागला.

यातून रेन यांचे मोठेपण उणे होत नाही, त्यांच्या शिकवणुकीची सत्यता मात्र अधिक पटते. मनुष्य कितीही ज्ञानी असो, त्याच्या कामाची तपासणी पुढच्या पिढीने पुन्हा करावयासच हवी. वास्तू ही एकदा बांधून विसरण्याची वस्तू नव्हे. ती समाजाने सोपविलेली ठेव आहे, आणि ठेवीचा हिशेब वेळोवेळी तपासणे हे विश्वस्तांचे कर्तव्य आहे. जीर्णोद्धाराचा संकल्प करताना प्रथम ओळंबा सोडावा, तडा मोजावा, पायाशी एक चाचणीचा खड्डा घ्यावा, छायाचित्रांसह सर्व नोंदी दप्तरी जपाव्यात आणि मगच ठेकेदाराशी करार करावा. दात्यांच्या घामाचा पैसा योग्य स्थानी लागावा, यासाठी याहून चांगली खबरदारी नाही.