गॅरेजमध्ये उमललेले ‘कमळ’

मोटारींच्या इतिहासात बड्या कारखानदारांची नावे पुष्कळ आढळतात. परंतु चार हत्यारे आणि सुटीचे दिवस हाताशी असले, तर वेगवान स्पोर्ट्स कार घरच्या घरीही बांधता येते, असा विश्वास सामान्य माणसाला देणारा कारखानदार विरळाच. ब्रिटिश अभियंते आणि ‘लोटस’ कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन हे अशांपैकी अग्रगण्य होत. त्यांच्या निधनाला चार दशके उलटून गेली. पण त्यांच्या ‘लोटस सेव्हन’ या चिमुकल्या गाडीच्या प्रतिकृती आजही अनेक देशांतील हौशी मंडळी आपापल्या गॅरेजमध्ये बांधत असतात. चॅपमन यांचे आयुष्य मात्र त्या गाडीइतके साधे आणि सरळ नव्हते.

१९ मे १९२८ रोजी लंडनजवळच्या रिचमंड येथे त्यांचा जन्म झाला. वडील उत्तर लंडनमधील हॉर्नसी भागात ‘रेल्वे हॉटेल’ चालवीत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्थापत्य अभियांत्रिकी शिकत असताना चॅपमन यांनी जुन्या मोटारींच्या खरेदी-विक्रीचा जोडधंदा सुरू केला. महायुद्धानंतरच्या टंचाईच्या काळात तो बरा चालला. पण १९४७ मध्ये सरकारने खासगी वाहनांचा पेट्रोलचा कोटा बंद केला आणि जुन्या गाड्यांचे भाव एकदम कोसळले. बाकीच्या गाड्या तोट्यात विकल्या गेल्या. एक जुनी ‘ऑस्टिन सेव्हन’ मात्र कोणी घेईना.

या न खपलेल्या गाडीनेच पुढचा इतिहास घडविला. चॅपमन यांची मैत्रीण हेझल विल्यम्स हिच्या वडिलांच्या घरी एक गॅरेज होते. तेथे चॅपमन यांनी ऑस्टिनचे जुने शरीर काढून टाकले आणि पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा चिकटविलेल्या प्लायवूडचे नवे शरीर तिच्यावर चढविले. विद्यापीठाच्या हवाई पथकात ते विमान चालवायला शिकले होते. विमानाचे बाहेरचे आवरण केवळ शोभेचे नसून भारही पेलते, हे तत्त्व त्यांनी मोटारीला लावले. १९४८ मध्ये तयार झालेली ही गाडी ‘लोटस मार्क १’ म्हणून ओळखली जाते. हे नाव का दिले, याचा उलगडा चॅपमन यांनी कधीच केला नाही. हेझलला ते लाडाने कमळाची उपमा देत, त्यावरून ते आले असावे, असे म्हणतात. हीच हेझल १९५४ मध्ये त्यांची पत्नी झाली.

अंतिम परीक्षेत गणिताने दगा दिल्याने पदवी वर्षभर लांबली, ती १९४९ मध्ये मिळाली. पुढे ते ‘ब्रिटिश ॲल्युमिनियम’ कंपनीत नोकरीस लागले. संध्याकाळ आणि सुट्या मात्र गाड्यांसाठी राखीव असत. ‘७५० मोटर क्लब’च्या शर्यती तेव्हा जुन्या ऑस्टिन सेव्हनवर बांधलेल्या गाड्यांच्या होत. या गाडीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात हवा व पेट्रोलचे मिश्रण आत जाण्याची दोनच द्वारे होती, म्हणजे दोन सिलिंडरांत मिळून एक. १९५१ मध्ये चॅपमन यांनी त्या मार्गांत अशी विभागणी केली, की चारही सिलिंडरांना जणू स्वतंत्र द्वार मिळाले. शक्ती वाढली आणि प्रतिस्पर्धी मागे पडले. शेवटी क्लबला नियम बदलून ही युक्ती बंद करावी लागली. नियमात काय लिहिले आहे यापेक्षा काय लिहायचे राहून गेले आहे, ते शोधण्याची ही सवय त्यांच्यात अखेरपर्यंत टिकून राहिली.

१ जानेवारी १९५२ रोजी हेझलकडून उसने घेतलेल्या २५ पौंडांवर ‘लोटस इंजिनीअरिंग’ कंपनी सुरू झाली. कारखाना म्हणजे वडिलांच्या हॉटेलमागचे जुने तबेले. तेथून ‘मार्क ६’ निघाली. तिचा सांगाडा पोलादाच्या बारीक नळ्या जोडून केलेला होता. रेल्वेच्या पुलाच्या कैच्यांप्रमाणे या नळ्यांचे त्रिकोण होत. प्रत्येक नळीवर फक्त ओढ किंवा दाब येत असल्याने थोड्या लोखंडात मोठी ताकद मिळे. ग्राहक सांगाडा आणि पत्रे विकत घेई. इंजिन, धुरे व इतर भाग एखाद्या जुन्या फोर्डमधून काढी आणि गाडी स्वतः जुळवी. १९५५ च्या आरंभी चॅपमन यांनी नोकरी सोडून पूर्ण वेळ याच कामाला वाहून घेतले.

१९५७ मध्ये ‘लोटस सेव्हन’ अवतरली. दरवाजे नाहीत, आच्छादन नावापुरते, आणि वजन पाच क्विंटलही भरत नसे. त्यामुळे सुमारे ४० अश्वशक्तीच्या साध्या फोर्ड इंजिनावरही ती मोठमोठ्या गाड्यांना वळणावर मागे टाकी. तयार गाडीची किंमत खरेदी करासह १,०३६ पौंड होती. मात्र सुटे भाग घेणाऱ्याला तीच ५३६ पौंडांत पडे, कारण सुट्या भागांवर हा कर नव्हता. सोबत जुळणीच्या सूचना देण्यास कायद्याची मनाई होती. म्हणून गाडी सुटी कशी करावी याची पुस्तिका देण्यात आली आणि ग्राहकांनी ती शेवटच्या पानाकडून वाचली, असा किस्सा सांगितला जातो. कायद्यातील या फटीतूनच शाळामास्तर, कारकून आणि कारागिरांच्या दारी स्पोर्ट्स कार पोहोचली.

शर्यतींच्या जगात चॅपमन यांनी याहून मोठी झेप घेतली. १९६२ च्या ‘लोटस २५’ मध्ये त्यांनी नळ्यांचा सांगाडा टाकून पत्र्याच्या पेटीसारखी रचना आणली आणि फॉर्म्युला वनची दिशा बदलली. याच गाडीवर जिम क्लार्क १९६३ मध्ये विश्वविजेते झाले. १९६५ मध्ये त्यांनी विश्वविजेतेपद आणि अमेरिकेतील इंडियानापोलिस ५०० ही शर्यत, दोन्ही जिंकली. १९६७ च्या ‘लोटस ४९’ मध्ये इंजिनालाच सांगाड्याचा भाग बनविण्यात आले, तर १९७८ च्या ‘लोटस ७९’ मध्ये गाडीच्या तळाला उलट्या पंखाचा आकार देऊन तिला रस्त्याशी जखडण्यात आले. चॅपमन यांच्या हयातीत लोटसने बांधणीकारांची सात आणि चालकांची सहा विश्वविजेतेपदे मिळविली.

या यशाची किंमत मात्र जबर होती. मार्क १ बांधणारे हात आणि ती चालविणारे हात एकाच माणसाचे होते. आता बांधणारा पिटमध्ये उभा असे आणि जीव दुसऱ्याचा पणाला लागे. १९६० मध्ये बेल्जियन ग्रां प्रीच्या सरावात स्टर्लिंग मॉस यांच्या लोटसचे चाक निखळले आणि ते गंभीर जखमी झाले. योखेन रिंट यांनी गाड्यांच्या नाजूकपणाविषयीची आपली भीती चॅपमन यांना पत्राने कळविली होती. ५ सप्टेंबर १९७० रोजी मोंझा येथे सरावात त्यांची ‘लोटस ७२’ ब्रेकचा दांडा तुटून कठड्यावर आदळली. त्यात मृत्यू पावलेले रिंट त्या वर्षीचे विश्वविजेते ठरले. मरणोत्तर हा मान मिळालेले ते आजवरचे एकमेव चालक. फॉर्म्युला वन तेव्हा सर्वांसाठीच जीवघेणे होते, हे खरे. पण हलकेपणाच्या ध्यासात लोटसने सुरक्षिततेची सीमा फार ताणली, हा आक्षेप चॅपमन यांच्या चाहत्यांनाही पुसून टाकता आलेला नाही.

दरम्यान सेव्हनवरील त्यांचे मन उडाले होते. महागड्या गाड्यांच्या पंक्तीत जाऊन बसण्याची आता त्यांची आकांक्षा होती. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये मूल्यवर्धित कर आला आणि सुट्या भागांची करसवलत संपली. त्याच वर्षी सेव्हन बांधण्याचे हक्क ‘केटरहॅम कार्स’कडे गेले. आपल्या पहिल्या लोकप्रिय अपत्याला चॅपमन यांनी असे दुसऱ्याच्या घरी धाडले.

कायद्यातील फट शोधणारी तीच बुद्धी पुढे त्यांना भोवली. डिलोरिअन मोटारीच्या विकासाचे काम लोटसकडे होते आणि त्या प्रकल्पात ब्रिटिश सरकारचा मोठा पैसा गुंतला होता. पनामात नोंदलेल्या एका कंपनीमार्फत त्यातील १ कोटी ७० लाखांहून अधिक डॉलर भलतीकडे वळले. चौकशीचे ढग जमत असतानाच १६ डिसेंबर १९८२ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने चॅपमन यांचे निधन झाले. त्यांचे आर्थिक सहकारी फ्रेड बुशेल यांना १९९२ मध्ये तुरुंगवास झाला. चॅपमन हयात असते तर त्यांना किमान दहा वर्षांची शिक्षा झाली असती, असा अभिप्राय न्यायाधीशांनी तेव्हा दिला. १९९४ च्या हंगामानंतर त्यांचा फॉर्म्युला वन संघही बंद पडला.

टिकून राहिली ती सेव्हन. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन या ब्रिटिश शिक्षकाचे, अवघ्या २५० पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार कशी बांधावी हे सांगणारे पुस्तक प्रसिद्ध झाले. इंचभर रुंदीच्या चौकोनी पोलादी नळ्या, जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे इंजिन व धुरे, वेल्डिंगचे यंत्र आणि चिकाटी, एवढ्या भांडवलावर सेव्हनच्या धर्तीची गाडी कशी उभी करावी, हे त्यात सविस्तर दिले होते. ‘लोकॉस्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशा गाड्या मग ब्रिटनबाहेरही बांधल्या जाऊ लागल्या. ज्या ७५० मोटर क्लबने चॅपमन यांच्या युक्तीवर बंदी घातली होती, त्याच क्लबने लोकॉस्टसाठी स्वतंत्र शर्यती सुरू केल्या.

ब्रिटनमध्ये अशी घरगुती गाडी सरकारी तपासणीत उतरल्याखेरीज रस्त्यावर आणता येत नाही. पण तिची खरी कसोटी त्याआधी, गॅरेजमध्येच लागते. नळी किती पातळ घ्यावी आणि कोणता सांधा पुन्हा जोडावा, हे ठरविणाराच उद्या त्या आसनावर बसणार असतो. हेझलच्या वडिलांच्या गॅरेजमध्ये राबणाऱ्या वीस वर्षांच्या चॅपमन यांचेही तसेच होते. त्यांच्या करंडकांपेक्षा आणि कज्ज्यांपेक्षा त्या गॅरेजचा वारसा लोकांनी अधिक जपला आहे.