दारू काढली, पण पंगत ठेवली

अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यात दापुरे नावाचे गाव आहे. एकोणिसावे शतक संपत आले असताना तिथल्या एका परीट कुटुंबात मुलीचे बारसे होते. भावकी जमली होती. बारशाला बकरे कापायचे आणि पाहुण्यांना दारू द्यायची, ही त्या समाजातली तेव्हाची रीत. ती मोडणे म्हणजे पाहुण्यांचा अपमान समजला जाई, त्यासाठी लोक कर्जही काढत. मुलीचा बाप विशीतला शेतकरी होता. त्याने बकरे आणि दारू दोन्हीला फाटा दिला. मात्र बारसे रद्द केले नाही आणि पाहुण्यांना उपाशीही पाठवले नाही. पंगत बसली, पानात गोडाचे जेवण आले. भावकीला ते रुचले नाही, पण नवा पायंडा पडला.

तो बाप म्हणजे डेबूजी झिंगराजी जाणोरकर, पुढचे संत गाडगेबाबा. हातात खराटा, डोक्यावर फुटक्या मडक्याचे खापर आणि अंगात चिंध्यांचा अंगरखा हे त्यांचे चित्र शाळेपासून सर्वांच्या ओळखीचे आहे. ते स्वच्छतेचे संत म्हणून ठाऊक असतात. व्यसने आणि वाईट चाली सोडवणारा माणूस म्हणून त्यांच्याकडे कमी पाहिले जाते. त्या दृष्टीने हे बारसे फार बोलके आहे. त्यांनी वाईट गोष्ट नुसती काढून घेतली नाही. पंगत, पाहुणे, आनंद हे सगळे जिथल्या तिथे राहिले. बदलले ते फक्त पानातले आणि पेल्यातले.

डेबूजींचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले होते. त्या व्यसनाने घर खंगले आणि डेबूजी लहान असतानाच वडील गेले. आई सखुबाई मुलाला घेऊन दापुऱ्याला माहेरी आली. मुलगा मामाची गुरे राखू लागला, मोठा झाल्यावर शेतात राबू लागला. शाळा त्याच्या वाट्याला आली नाही. पुढे मामाची जमीन सावकाराच्या घशात जाण्याची वेळ आली. दारू, कर्ज आणि निरक्षरता एकाच घरात कशा हातात हात घालून येतात, हे त्याने कीर्तनकार होण्याच्या किती तरी आधी पाहिले होते.

वैद्यकीयदृष्ट्या इथे एक गोष्ट सांगायला हवी. जुळ्या भावंडांवर झालेल्या अभ्यासांतून दिसते की, दारूच्या व्यसनाच्या धोक्यातील सुमारे निम्मा वाटा अनुवंशिक असतो. उरलेला वाटा घर, संगत आणि परिस्थितीचा. म्हणजे बापाकडून आलेला धोका डेबूजींनाही होता आणि आजूबाजूला तर प्रत्येक कार्यात बाटली होती. ते त्या वाटेने गेले नाहीत. ‘बाप प्यायचा म्हणून मुलगा पिणारच’ असे आजही आपल्याकडे सहज बोलले जाते. त्याचे उत्तर या एका आयुष्यात आहे. धोका वारशाने येतो, व्यसन वारशाने येत नाही.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. नंतरची पन्नासेक वर्षे ते महाराष्ट्रभर फिरत राहिले. एखाद्या गावात शिरले की कोणाच्या ओसरीवर आसन जमवायचे नाही, थेट खराटा घेऊन रस्ता झाडायला लागायचे. बाबा झाडतात म्हटल्यावर गावकऱ्यांना बघत उभे राहणे अवघड व्हायचे. हळूहळू हात लागायचे, उकिरडे हलायचे, गटारे वाहती व्हायची. सायंकाळी कीर्तन. त्यात ते लोकांनाच प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. कर्ज काढून सण करावा का, देवापुढे बकरे कापावे का, दारूने कोणाचे घर वर आले, असे ते प्रश्न असत. हसता हसता माणूस चारचौघांत आपल्याच तोंडाने कबुली देऊन बसे. दुसऱ्याने सांगितलेली गोष्ट विसरते, स्वतः चारचौघांत बोललेली गोष्ट पाळावीशी वाटते. व्यसनमुक्तीच्या गटबैठकांत आज हेच केले जाते.

या दिनक्रमातील वेळ लक्षात घ्या. दिवसभर श्रमाचे काम आणि दिवेलागणीला कीर्तन. दिवसाचे काम आटोपून माणूस गुत्त्याकडे वळतो तीच ही वेळ. त्या वेळेला त्याला बसायला जागा, सोबत आणि करमणूक हवी असते. बाबांच्या मुक्कामात ती तिन्ही कीर्तनात मिळत.

आता मेंदूचे पाहू. कोणत्याही सवयीला तीन टोके असतात. आधी काहीतरी खूण होते : जेवण संपले, मित्र भेटला, मन उदास झाले. मग कृती होते : तंबाखू मळली, पेला भरला. शेवटी मोबदला मिळतो : हुशारी, सैलपणा, सोबत. हे चक्र पुन्हा पुन्हा फिरले की, मेंदूच्या खोल भागातील ‘बेसल गँग्लिया’ नावाचे केंद्र ते काम विचार न करता करू लागते. ही वाट सहसा पुसली जात नाही, वापर थांबला तर नुसती झाकली जाते. म्हणून दहा वर्षांनी जुना मित्र आणि जुना कट्टा समोर आला की हात आपोआप पुडीकडे जातो. खूण आपल्या हातात नसते, जेवण तर रोजच संपणार. बदलता येते ती मधली कृती. १९७३ मध्ये अमेरिकेतील अझरिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी नखे खाणे, चेहऱ्याचे झटके अशा सवयींवर एक उपचारपद्धती मांडली. सवयीची चाहूल लागताच तिच्याशी एकाच वेळी करता येणार नाही अशी दुसरी हालचाल करायची, हा तिचा गाभा. हात मुठीत घट्ट आवळलेला असेल, तर नख दातांखाली जाणार कसे? खराटा धरलेल्या हाताचेही तेच आहे.

अर्थात एका कीर्तनाने गाव सुधारत नाही. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज ठरलेल्या वेळी एक चांगली, साधी कृती करायची होती. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. आठवडाभरात जमले नाही म्हणून स्वतःला नालायक ठरवणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. याच अभ्यासात दिसलेली दुसरी गोष्ट : मध्येच एखादा दिवस चुकला, तर त्याने फारसे बिघडले नाही.

बाबा एकाच ठिकाणी वर्षानुवर्षे परत जात, त्याचे महत्त्व इथे कळते. अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीकाठी ऋणमोचनची यात्रा भरते. तिथे ते वारंवार गेले, चिखलाने भरलेल्या काठावर वाट आणि घाट करण्यासाठी राबले. पंढरपूरच्या वारीनंतरची घाण काढण्याचे कामही त्यांनी असेच वर्षानुवर्षे केले. यात्रेतल्या पशुहत्येला त्यांचा कडाडून विरोध होता, पण यात्रेतले जेवण त्यांनी बंद केले नाही. अंध, अपंग, महारोगी यांना पोटभर वाढणारे अन्नदान त्यांनी सुरू केले. कोल्हापूरच्या गावोगावी होणाऱ्या यात्रा आणि म्हाई डोळ्यांसमोर आणल्या की, हे किती अवघड होते ते वेगळे सांगायला नको. पाहुण्यांना रस्सा न वाढता परत पाठवणारे घर आपल्याकडे आजही शोधावे लागेल.

एका बाबतीत मात्र बाबांच्या काळाचे अनुकरण नको. अनेक वर्षे रोज भरपूर दारू पिणाऱ्याने भावनेच्या भरात एका रात्रीत ती पूर्ण बंद केली, तर जिवावर बेतू शकते. शेवटच्या पेल्यानंतर सहा ते चोवीस तासांत हातांना कंप, घाम, धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फीट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भ्रम, भास आणि तापाची अवस्था येते, तिच्यावर उपचार न झाल्यास मृत्यूही होतो. ‘दारू सोडली म्हणून मेला’ अशी जी गोष्ट गावात ऐकू येते, तिच्यामागे बहुधा हेच असते. अशा माणसाने सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. त्यासाठी औषधे आहेत आणि सरकारी रुग्णालयांच्या मनोविकार विभागांत हे उपचार होतात. तंबाखूचे तसे नाही. ती एकदम सोडता येते. पहिले तीन-चार दिवस चिडचिड जास्त होते, दोन ते चार आठवड्यांत ती उतरते. तलफेची प्रत्येक लाट काही मिनिटांचीच असते. तेवढ्यापुरती बडीशेप, लवंग किंवा अंगणातून एक फेरी पुरते.

बाबांचे स्वतःचे नियम कडक होते. आधी काम, मग भाकरी. लाकडे फोडून द्यायची, कोणाच्या शेतात हात लावायचा आणि मगच खापरात अन्न घ्यायचे. पाया पडायला वाकणाऱ्याच्या पाठीत त्यांची काठी बसे. माणसाला देव करून टाकणे हीसुद्धा एक सवयच, आणि ती सुटायला सर्वांत कठीण. त्यांच्याकडे लाखोंच्या देणग्या आल्या. त्यांतून धर्मशाळा, शाळा, वसतिगृहे उभी राहिली. स्वतःसाठी मात्र त्यांनी त्यातले काही ठेवले नाही.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांचा भर शिक्षणावर अधिकाधिक वाढत गेला. भांडी विकावी लागली तरी विका, हातावर भाकरी घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला, असे ते कीर्तनातून सांगत. हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजचे कर्मवीर भाऊराव पाटील आणि बाबा यांचा स्नेह त्यातूनच वाढला. रयत शिक्षण संस्थेने १९५४ मध्ये कराडला सुरू केलेल्या महाविद्यालयाला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव आहे. ज्याने कधी शाळेची पायरी चढली नाही, त्याच्या नावाने आज एक महाविद्यालय उभे आहे.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे नेले जात असताना, वलगावजवळ पेढी नदीच्या काठी बाबांनी देह ठेवला. वय ८० होते. वर्षे सरली. २००० साली राज्य सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि गावोगावी माणसे पुन्हा खराटे घेऊन रस्त्यावर उतरली.