इतिहासाचार्य राजवाडे : दप्तरांचे जतन आणि मंडळाची उभारणी

मलप्रभेच्या उगमापासून थोड्याच अंतरावर असलेल्या जांबोटीच्या परिसराला इतिहास नवा नाही. याच खानापूर तालुक्यातील हलशी हे कदंबांचे महत्त्वाचे ठाणे होते आणि तेथे सापडलेल्या ताम्रपटांनी दक्षिणेच्या प्राचीन इतिहासातील अनेक दुवे जुळविले. ताम्रपट धातूचा असल्यामुळे शतकानुशतके जमिनीखाली टिकतो. कागदाचे तसे नसते. कोकणपट्टीला लागून असलेल्या या पावसाळी मुलखात माळ्यावर टाकलेल्या रुमालाला वाळवी लागण्यास एक पावसाळाही पुरतो. देसाई, देशपांडे, कुलकर्णी अशा वतनदार घराण्यांची दप्तरे पिढ्यान्‌पिढ्या अशाच माळ्यांवर पडून राहिली. ही दप्तरे म्हणजे रद्दी नसून समाजाची स्मृती आहे, हे महाराष्ट्राला ज्यांनी जन्मभर पायपीट करून पटवून दिले, त्या इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे चरित्र ग्रंथालयाच्या स्मरणग्रंथात आठवावे, हे सर्वथा उचित होय.

राजवाड्यांचा जन्म २४ जून १८६३ रोजी कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील वरसई या गावी झाला. लहानपणीच पितृछत्र हरपले आणि पुढील शिक्षण मुख्यत्वे पुण्यात झाले. डेक्कन कॉलेजात असताना नेमलेल्या पुस्तकांपेक्षा ग्रंथालयातील न नेमलेल्या ग्रंथांवरच त्यांचा भर राही. त्यामुळे पदवी मिळण्यास विलंब लागला, परंतु इतिहास, भाषाशास्त्र, समाजशास्त्र आणि तत्त्वज्ञान या विषयांचा जो पाया घातला गेला तो याच काळात. तत्कालीन शिक्षणपद्धतीवर त्यांनी ‘कनिष्ठ, मध्यम व उच्च शाळांतील स्वानुभव’ या लेखात कठोर टीका केली आहे. पदवीनंतर काही काळ त्यांनी शिक्षकाची नोकरी केली. पण नोकरीच्या चाकोरीत रमणारा हा पिंड नव्हता. १८९४ साली त्यांनी ‘भाषांतर’ हे मासिक सुरू केले. जगातील श्रेष्ठ विचार मराठीत आणावा, हा त्यामागील हेतू. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चा त्यांनी केलेला अनुवाद याच खटाटोपातला. मासिक फार काळ चालले नाही. पत्नीच्या अकाली निधनानंतर त्यांनी दुसरा विवाह केला नाही आणि उरलेले सारे आयुष्य संशोधनाला वाहिले.

त्यांच्यापूर्वी मराठ्यांच्या इतिहासाचे लेखन झालेच नव्हते, असे नाही. ग्रँट डफचा इंग्रजी इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यातील उणिवा नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी विद्यार्थिदशेतच, १८६७ साली, दाखविल्या होत्या. पुढे ‘काव्येतिहाससंग्रह’कारांनी बखरी व पत्रे छापण्यास आरंभ केला. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनी दप्तर चाळीत होते, तर साताऱ्यास दत्तात्रय बळवंत पारसनीस कागदपत्रे व चित्रे जमवीत होते. राजवाड्यांचा विशेष असा की, त्यांनी या कार्याला शास्त्राची शिस्त लावली. बखर ही घटनेनंतर बऱ्याच काळाने, ऐकीव माहितीवर लिहिलेली असते. घटनेच्या वेळी, घटनेत गुंतलेल्या माणसाने लिहिलेले पत्र हे अधिक विश्वसनीय साधन होय. ही कसोटी त्यांनी मराठी वाचकांपुढे ठाशीवपणे मांडली आणि बखरकारांच्या कालविपर्यासाची निर्दयपणे झाडाझडती घेतली.

‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. १७५० पासून १७६१ च्या पानिपतापर्यंतचा पत्रव्यवहार त्यात आहे. त्याची विस्तृत प्रस्तावना म्हणजे मराठी इतिहासलेखनातील एक मानदंडच ठरली. पुढील सुमारे वीस वर्षांत या मालेचे २२ खंड प्रसिद्ध झाले. यामागे ना सरकारी अनुदान होते ना संस्थानिकाचा कायमचा आश्रय. कोल्हापूरच्या प्रा. विष्णु गोविंद विजापूरकरांच्या ‘ग्रंथमाले’सारख्या मासिकांचा आधार त्यांना मिळाला, एरवी स्नेह्यांची मदत आणि स्वतःची काटकसर हेच भांडवल. एखाद्या गावी जुने दप्तर असल्याचे कळले की राजवाडे तेथे जाऊन ठाकत. वतनाचा हक्क जाईल, घरातील भाऊबंदकी उघड्यावर येईल, या भीतीने घरमालक कागद दाखविण्यास नाखूष असे. मग विनवणी, प्रतीक्षा, पुन्हा फेरी. दप्तर हाती आले तरी मोडी वाचणे, कालनिर्णय करणे, नकला करणे आणि मुद्रिते तपासणे हे सारे काम बव्हंशी एकट्याने करावयाचे.

एकट्या माणसाच्या आयुष्याला मर्यादा असते, हे त्यांनी ओळखले होते. ७ जुलै १९१० रोजी पुण्यात सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या सहकार्याने त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. सभासदांनी नवे सापडलेले कागद सभेपुढे वाचावेत, त्यांवर चर्चा व्हावी आणि निष्कर्ष छापले जावेत, अशी ही पद्धत होती. खाजगी घरातील कागद सार्वजनिक संस्थेच्या स्वाधीन झाला म्हणजे तो एका घराण्याचा न राहता समाजाचा होतो, ही कल्पना या मंडळामुळे महाराष्ट्रात रुजली. आज सुमारे १५ लाख ऐतिहासिक कागद, हजारो पोथ्या, तसेच नाणी, चित्रे, ताम्रपट व शिलालेख यांचा संग्रह तेथे जतन केलेला आहे.

तथापि राजवाड्यांचा स्वभाव संस्थेच्या चौकटीत मावणारा नव्हता. ते विलक्षण मानी, एककल्ली आणि तापट होते. मतभेद सहन करणे त्यांना जमत नसे आणि पूर्वग्रहांपासूनही ते मुक्त नव्हते. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजाविषयी त्यांनी मंडळाच्या प्रकाशनातून केलेले लेखन अनुदार होते. त्याचा परखड समाचार प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१८ मध्ये ‘कोदंडाचा टणत्कार’ या पुस्तकात घेतला. अस्सल कागदाचा आग्रह धरणारा संशोधक जातीच्या प्रश्नावर तोल गमावतो, ही गोष्ट त्यांच्या चरित्रातून वगळता येणार नाही. पुढे मंडळाच्या चालकांशीही त्यांचे बिनसले आणि स्वतः स्थापन केलेल्या संस्थेतून ते बाहेर पडले. परंतु संस्थापक गेला म्हणून मंडळ मोडले नाही. नियम, सभासद आणि संग्रह यांच्या बळावर ते चालू राहिले.

राजवाड्यांची दृष्टी राजकीय इतिहासापुरती मर्यादित नव्हती. १९०९ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची एक जुनी प्रत संपादून प्रसिद्ध केली व तिच्या भाषेचे व्याकरण सिद्ध केले. महानुभावांच्या सांकेतिक लिपीची उकल करण्यातही त्यांचा मोठा वाटा आहे. मराठी धातू व शब्द यांच्या व्युत्पत्तीसाठी जमविलेली त्यांची सामग्री मृत्यूनंतर कोशरूपाने प्रकाशात आली. विवाहसंस्थेच्या इतिहासावरील त्यांचे लेखन तर आजही वाचकाला अस्वस्थ करते. सीमाभागातील वाचकास विशेष जवळचे वाटावे असे त्यांचे काम म्हणजे जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’चे १९२२ मधील संपादन. शहाजीराजांच्या कर्नाटकातील दरबारात नाना भाषांचे कवी एकत्र नांदत होते, हे चित्र या काव्यातून उभे राहते. मराठी व कानडी यांच्या सहवासाला किती जुनी परंपरा आहे, याची साक्ष त्यात मिळते.

आयुष्याच्या अखेरच्या काळात त्यांनी धुळ्याचा आश्रय केला. ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. मागे उरले ते टिपणांचे व कागदांचे गठ्ठे. ज्या माणसाने इतरांची दप्तरे वाचविली, त्याचेच दप्तर आता अनाथ होण्याची भीती होती. भास्कर वामन भट प्रभृती धुळेकरांनी ती खोटी ठरविली. १९२७ च्या जानेवारीतच तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले आणि कागदांबरोबर मूर्ती, नाणी व इतर पुरावस्तूंचाही संग्रह उभा राहिला. याच मंडळाने पुढे १९९० च्या दशकात राजवाड्यांचे समग्र साहित्य १३ खंडांत प्रसिद्ध केले.

राजवाड्यांचे अनेक निष्कर्ष नंतरच्या संशोधनाने दुरुस्त झाले आहेत, काही तर साफ बाजूला पडले आहेत. ते तपासता आले, दुरुस्त करता आले, याचे कारण त्यांनी मिळविलेली साधने छापली गेली आणि कागद संस्थांच्या कपाटांत सुरक्षित राहिले. मोडी वाचणारे दिवसेंदिवस विरळ होत असताना गावोगावच्या माळ्यांवर अजूनही न उघडलेले रुमाल आहेत. ते कोणाच्या तरी हाती सुखरूप पडावेत, यासाठी गावातील ग्रंथालयासारखे दुसरे विश्वासाचे स्थान नाही. एक कपाट, एक नोंदवही आणि मोडी जाणणारा एक माणूस, एवढ्यावर प्रारंभ होऊ शकतो. राजवाड्यांनी तर याहूनही कमी सामग्रीवर तो केला होता.