वाटाण्याच्या वेलामुळे उभा राहिला सिनेमा : दादासाहेब फाळके

त्र्यंबकेश्वर : आज आपल्याकडची पोरं मोबाईलवर पिकाचे व्हिडिओ काढतात. पण रोपाची वाढ पडद्यावर दाखवायचं काम आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाने १९१२ साली केलं होतं. दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा.

मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा बघितला आणि त्यांच्या डोक्यात तेच बसलं. रात्रंदिवस प्रयोग करून डोळे गेले, उपचाराने नजर परत आली. तरी माणूस थांबला नाही. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून लंडन गाठलं, विल्यमसन कॅमेरा घेतला.

पण सिनेमाला पैसा कोण देणार? मग त्यांनी कुंडीत वाटाणा लावला. कॅमेरा समोर एकाच जागी पक्का, जराही हलवायचा नाही. ठरावीक वेळाने एकेक चित्र घ्यायचं. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर झरझर दिसली आणि भांडवल उभं राहिलं. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, फिल्मला भोकं पाडायची, ती धुवायची कामंही शिकून घेतली. ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लागला.

पुढे बोलपट आले, दादासाहेब मागे पडले. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला त्यांनी डोळे मिटले.

नव्याने व्हिडिओ काढणाऱ्यांनी एवढं तरी घ्यावं : कॅमेरा स्थिर ठेवा अन् घाई करू नका. पीक एका दिवसात येत नाही, व्हिडिओही नाही.