इरावती कर्वे : शास्त्र की साहित्य?

नेदरलँड्समध्ये रॉटरडॅम शहराला लागून कापेल आन डेन आयसेल हे गाव आहे. तेथे विद्यापीठाच्या वाटेवरची मुले माध्यमिक शाळेच्या तिसऱ्या वर्षी चारपैकी एक विषयगट निवडतात. दोन गट समाजाकडे झुकलेले, दोन निसर्गविज्ञानाकडे. आपल्या मॉरिशसमध्ये नववीनंतर हाच प्रश्न घरोघरी उभा राहतो. मुलीने शास्त्र सोडले की पालक काळजीत पडून आम्हां शिक्षकांकडे येतात. तेव्हा आम्हांला इरावतीबाई कर्वे आठवतात.

त्यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात, मिंज्यान येथे झाला. वडील करमरकर तेथे इंजिनिअर होते. मुलीला तिथल्या इरावती नदीचे नाव मिळाले. सातव्या वर्षी तिला पुण्याला हुजूरपागेत धाडले. पुढे ती रँग्लर परांजपे यांच्या घरी वाढली. केंब्रिजला गणितात पहिल्या आलेल्या माणसाच्या घरी राहून तिने फर्ग्युसन कॉलेजात विषय घेतला तो तत्त्वज्ञान! १९२६ साली ती बी. ए. झाली. पती दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक. मुंबईला डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली एम. ए. करून १९२८ साली इरावतीबाई बर्लिनला निघाल्या. सासरे महर्षी कर्वे, स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेले. पण सुनेचे परदेशी जाणे त्यांनाही रुचले नाही. दिनकरराव मात्र पाठीशी उभे राहिले.

बर्लिनमध्ये तत्त्वज्ञानाच्या या पदवीधर बाईंनी कवट्या मोजायला घेतल्या. प्राध्यापक फिशर यांचे म्हणणे असे, की गोऱ्या युरोपीय लोकांची कवटी दोन बाजूंनी असमान असते आणि ती त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण आहे. इरावतीबाईंना मापांत वंशावंशांमध्ये तसा फरक दिसला नाही. प्रबंधात त्यांनी तसेच लिहिले. ज्यांच्या हाती आपली डॉक्टरेट, त्यांच्याच मताविरुद्ध जाणे परक्या देशात एकट्या बाईला किती जड गेले असेल! पुढे नाझींनी फिशर यांच्या वंशविचाराचा आधार घेतला, हे ठाऊक असले म्हणजे त्या मापांचे मोल कळते.

१९३९ पासून त्या डेक्कन कॉलेजात होत्या. गुजरातेत लांघणजला डॉ. सांकळिया यांच्याबरोबर त्यांनी प्राचीन माणसांच्या सांगाड्यांचा शोध घेतला, वारकऱ्यांबरोबर पंढरपूरची वाट चालल्या, आणि १९५३ साली भारतातील नातेसंबंधांवर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. महाभारतातल्या माणसांकडेही त्यांनी देव म्हणून नव्हे, माणसे म्हणूनच पाहिले. त्यांच्या ‘युगान्त’ला १९६८ साली साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. दोन वर्षांनी, ११ ऑगस्ट १९७० रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले.